आबा, गाडी डाव्या अंगाला का बसली

आबा,

गेल्या वर्षी, रामनवमीच्या आदल्या दिवशी, सकाळी. ठिकाण धुळ्यातलं दिलीप मिस्त्रींचं गॅरेज. रक्कम अठ्ठावीस हजार रुपये. हजर: तुम्ही, तुमचे थोरले चिरंजीव संजयभाऊ, मी तुमचा जावई, आणि रक्कम सांगणारे मिस्त्री.

मी असंच सुरू करणार हे तुम्हाला ठाऊक आहे. तारीख, आकडा आणि हजर माणसं सांगितल्याशिवाय मला कुठलीच गोष्ट सांगता येत नाही. चटईच्या कारखान्यांत बावीस वर्षं हिशेब लिहिण्याचा हा परिणाम. "जावईबापू, तुम्ही आरतीले बी पावती मांगशात," असं तुम्ही माझ्या तोंडावर म्हणत होतात आणि मग तुम्हीच आधी हसत होतात. परवा तुमचं सुतक संपलं, गंधमुक्ती झाली. लोक तुमच्याबद्दल पुष्कळ बोलले: शेती, गावची सोसायटी, देवळाचा जीर्णोद्धार. ते सगळं खरं आहे आणि ते सांगायला माणसं आहेत. मला त्या गॅरेजातल्या दिवसाबद्दल बोलायचं आहे, कारण त्या दिवसाचं माझ्याकडून तुम्हाला काही सांगायचं राहून गेलं.

मिस्त्रींनी अठ्ठावीस हजार म्हटल्याबरोबर संजयभाऊ म्हणाले, "बघा आबा. मागचा अख्खा एक्सल, दोन शॉकअप, दोन स्प्रिंगा. एवढे पैसे घालून वर गाडीची किंमत किती? विकून टाकू आहे तशी. नाहीतरी तुम्ही आता चालवू नका."

शेवटचं वाक्य त्यांनी हळू म्हटलं, पण म्हणायचं तेच होतं. तीन-चार महिन्यांत तुमची गाडी तीनदा घासली होती. दोनदा सोनगीरला आपल्याच फाटकाच्या खांबाला आणि एकदा देवळाच्या कट्ट्याला. तिन्ही वेळा डावीकडून, मागच्या दाराच्या मागे. संजयभाऊंचं म्हणणं असं की चालवणारा उजवीकडे बसतो, डावी बाजू त्याच्यापासून लांब, आणि नजर कमी झाली की आधी तीच बाजू चुकते. सत्तरी ओलांडलेला बाप आग्रा रोडच्या ट्रकांमधून गाडी काढतो या विचाराने त्या मुलाला झोप लागत नव्हती, हे मी पाहत होतो. त्यांना चूक कसं म्हणू?

तुम्ही मात्र एकच वाक्य धरून बसला होतात. "गाडी आजारी शे. मी नही."

आणि तुमचं कोणी ऐकत नव्हतं, कारण आजारावर तुम्ही स्वतः केलेला इलाज सगळ्यांना माहीत होता. गाडी डाव्या अंगाला झुकते म्हणून तुम्ही डाव्या मागच्या चाकात हवा वाढवत गेला होतात. मिस्त्रींनी काटा लावून पाहिला तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "आबा, एवढी हवा तर ट्रॅक्टरवाला पण टाकत नाही! टायर आहे का फुगा?"

"मंग? गाडी वर नही व्हई?"

"गाडी नाही वर होत, आबा. फक्त टायर फुटतो."

पण प्रश्न गाडीचा नव्हताच. प्रश्न आखाजीचा होता. आपल्याकडे दिवाळीपेक्षा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, मोठी. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस होतो. लेकीने आपलं आपण यायचं नसतं, तिला घ्यायला माहेरचं माणूस, मुराळी, जावं लागतं. संगीताचं आणि माझं लग्न झालं त्या वर्षापासून ते माणूस तुम्ही होतात. आधी एसटीने, मग कुणाच्या तरी जीपने, आणि ही जुनी पांढरी गाडी घेतल्यापासून स्वतः चालवत. सोनगीरहून धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, शंभरावर किलोमीटर. आमच्या पिंप्राळ्याच्या गल्लीत गाडी वळली की तुम्ही एकदाच हॉर्न वाजवत होतात. संगीता त्या दिवशी सकाळपासून घरात असून घरात नसायची.

गाडी विकली असती तर संजयभाऊ तिला आणायला आले असते, यात शंका नाही. पण तुम्ही घरी बसला असतात. "मी मुराळी. मी नही गऊ ते पोर काय म्हनी?" हे तुम्ही मला आदल्या रात्री फोनवर म्हणालात, आणि म्हणून मी सकाळच्या पहिल्या बसने धुळ्याला आलो.

मला गाड्यांतलं काही कळत नाही. मी फक्त एवढंच विचारलं, की अठ्ठावीस हजारांचा खर्च नेमका कशाने? काय मोडलंय? मिस्त्री म्हणाले, "मागचं सगळंच बसलंय." मी म्हटलं, सगळंच म्हणजे काय ते बघू या ना. मिस्त्री चांगला माणूस. म्हणाले, "बघा. माझी ना नाही. टेप आहे तिथे."

मी आणि तुम्ही मापं घ्यायला लागलो. सपाट फरशीवर गाडी उभी करून आधी जमिनीपासून चाकावरच्या पत्र्याच्या कमानीपर्यंतची उंची. उजवीपेक्षा डावीकडे अडीच सेंटिमीटर कमी. मग मिस्त्रींनी मागचा उजवा कोपरा दाबून सोडला. गाडी एकदा वर आली आणि थांबली. डावा कोपरा दाबून सोडला तर ती पाळण्यासारखी हलत राहिली. "शॉकअप मेला," मिस्त्री म्हणाले. "त्यात वाद नाही. तेल गळून गेलंय सगळं."

मग मी पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेप लावायचं ठरवलं. टेपचं एक टोक तुम्ही धरलं. खाली वाकून नीट बघता येईना म्हणून मी जमिनीवर आडवा व्हायला लागलो, तर तुम्ही माझा दंड धरला.

"नही नही. जावईले गाडीखाल लोळावू का मी? सरका. मी झोपस."

"आबा, तुम्ही गुडघ्याचं दुखणं घेऊन खाली जाल, पण वर कसे याल?"

"जॅक आहे ना," मिस्त्री म्हणाले.

संजयभाऊ तोपर्यंत फोनमध्ये होते. तेही हसले. शेवटी तुम्ही खांद्यावरचा रुमाल काढलात, फरशीवर पसरलात आणि मला त्याच्यावर झोपायला सांगितलंत. पांढराशुभ्र रुमाल. सासूबाईंनी तो नंतर किती वेळा उकळला तरी त्याचे काळे डाग गेले नाहीत. मी जावई असल्याचा सगळ्यात मोठा मान मला कधी मिळाला असेल तर तो त्या तेलकट फरशीवर. लग्नातला फेटा मला आठवत नाही, तो रुमाल आठवतो.

पहिल्या मापात डाव्या-उजव्यात साडेतीन सेंटिमीटरचा फरक आला. मी विजयी स्वरात आकडा सांगितला. मिस्त्री लांबूनच म्हणाले, "दाजी, स्टेअरिंग वळलेलं आहे. पुढची चाकं सरळ करा आधी. प्लॉट मोजताय का गाडी?" चाकं सरळ करून पुन्हा मोजलं. उजवीकडे दोनशे छत्तीस, डावीकडे दोनशे अडतीस. तुम्ही म्हणालात, दोन सेंटिमीटरने काय होतं? मलाही तेच वाटलं. पण मिस्त्रींच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी टेप माझ्या हातातून घेतला, स्वतः मोजलं, आणि गाडी जॅकवर चढवली.

डावं मागचं चाक काढलं. लांब लोखंडी टॉमी घालून त्यांनी एक्सलचा डावा हात मागेपुढे ढकलला. तो हलला. उजवा हलेना. गाडीच्या सांगाड्याला एक्सल जिथे धरलेला असतो तिथलं रबरी बुश फाटून त्याच्या चिंध्या झाल्या होत्या, आणि ते धरणारा लोखंडी कान मागच्या बाजूला वाकला होता. म्हणजे डावं चाक आपल्या जागेवरून मागे सरकलं होतं. मग स्प्रिंगच्या खालच्या वाटीत बोटं घालून त्यांनी एक तुकडा बाहेर काढला. स्प्रिंगचा शेवटचा वेढा, बोटभर लांब, गंजलेला. तो कधीचा मोडून तिथे पडला होता.

"एक्सल सरळ आहे," मिस्त्री म्हणाले. "एक्सल बदलायचं काम नाही. मी जास्त सांगितलं होतं."

मला एवढ्यानेच समाधान झालं असतं. पण संजयभाऊंनी विचारलं, "हे ठीक आहे. पण खांबाला घासली त्याचा याच्याशी काय संबंध? खांब तर हलत नाही ना."

प्रश्न बरोबर होता. मिस्त्रींनी चाक परत बसवलं, गाडी खाली घेतली आणि गाडी धुण्याच्या ओल्या उतारावर नेली. तिथून त्यांनी ती सरळ, हळू, कोरड्या सिमेंटवर सोडली. "बघा आता खाली."

सिमेंटवर चाकांचे ओले पट्टे उमटले होते. मागचं चाक पुढच्या चाकाच्या पट्ट्यावरूनच जायला हवं. इथे डावीकडे दोन पट्टे वेगळे दिसत होते. मागच्याचा पट्टा पुढच्याच्या बाहेर, दोन बोटं. उजवीकडे तेवढाच आत. गाडी सरळ जात होती, पण खेकड्यासारखी, शेपूट डावीकडे टाकून.

"फाटकात जागा किती ठेवत होते तुम्ही?" मिस्त्रींनी विचारलं.

"तीन बोटं," तुम्ही म्हणालात. "दहा वरीस झाये. तीन बोटं."

"त्यातली दोन गाडीने खाल्ली."

तुम्ही संजयभाऊंकडे बघितलं नाही. तुम्ही त्या ओल्या पट्ट्यांकडे बघत राहिलात, ते वाळेपर्यंत. संजयभाऊ उकिडवे बसले, त्यांनी दोन पट्ट्यांमधल्या जागेवर स्वतःची बोटं ठेवून बघितली आणि म्हणाले, "आबा, मी उगाच…"

"राहू दे," तुम्ही म्हणालात. "तुना बाप शे मी. तुले भ्या वाटनारच."

प्रामाणिकपणे सांगायचं तर संजयभाऊ पूर्ण चुकले नव्हते. मी तिथेच म्हटलं, की गाडीचा दोष सापडला, ठीक आहे, पण डोळेही तपासून घ्या. एका गोष्टीचं कारण सापडलं म्हणून दुसरी नसतेच असं नाही. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की जणू मी शत्रूच्या पक्षाला मिळालो. पण तपासले. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला, अजून कच्चा होता. डॉक्टरांनी दिवसा चालवायला हरकत नाही, रात्री नाही असं सांगितलं आणि श्रावणात तुम्ही तो काढून घेतलात. त्यानंतर तुम्ही मला फोन करून सांगितलंत, "जावईबापू, आते सोनगीरना किल्ला घरमाईन दिखस." आणि मला वाटलं, बरं झालं मी बोललो.

आता त्या दिवसाचा पुढचा भाग. संजयभाऊंनी विचारलं, डावीकडेच का मोडलं? मिस्त्री म्हणाले, "वजन. एकाच बाजूला वजन. स्प्रिंग मोडते, मग शॉकअप मरतो, मग खड्ड्यात सगळा दणका बुशवर जातो. काय भरत होते तुम्ही?"

तुम्ही टोपी सारखी करू लागलात. मला सगळं माहीत होतं.

आखाजी झाली की तुम्ही संगीताला परत पिंप्राळ्याला सोडायला येत होतात तेव्हा गाडीत नुसती संगीता नसायची. मागची डावी सीट आडवी करून त्यावर गव्हाची पोती. तीन. त्यांच्यावर दादरचं पोतं, कारण जळगावात मिळते ती ज्वारी तुमच्या मते गुरांची. मग तुरीची डाळ, तेलाचा डबा, मिरच्या, पापड, कैऱ्यांचं टोपलं. उजवीकडे संगीता, तुमच्या मागे बसून, तुमच्याशी बोलता यावं म्हणून. मी गॅरेजात मनात बेरीज केली: अडीचशे किलोंच्या खाली नाही, आणि सगळं डाव्या चाकावर. मी आकडा बोलून दाखवला. मिस्त्रींनी दोन्ही हात जोडले.

"आबा! ही गाडी आहे का पोत्यांची ट्रॉली?"

संजयभाऊ म्हणाले, "मोजून तरी भरायचं ना."

तेव्हा तुम्ही रागावलात. दिवसभरात पहिल्यांदा. "गहू मोजीसन देतस का लेकले?"

मिस्त्रींना दोन मुली आहेत. ते कामाला लागले.

आबा, मला सांगायचं राहिलं ते इथे आहे. सुरुवातीच्या वर्षांत तुम्ही दोन पोती आणत होतात. दोन पोत्यांत आमचं वर्ष बरोबर निघत होतं, मी ते मोजून पाहिलं होतं. मग एका वर्षी आमचा कारखाना मालकांच्या आपसातल्या भांडणात बंद पडला. सात महिने पगार नव्हता. मी तुम्हाला सांगितलं नाही. संगीतालाही मी बजावलं होतं, माहेरी बोलायचं नाही. आणि तिने सांगितलंही नाही, हे मला खात्रीने माहीत आहे. ती खोटं बोलली की तिच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. त्या आखाजीनंतर तिला सोडायला तुम्ही आलात, चहा घेतलात, आणि दरवर्षीप्रमाणे चहा पिताच तुमच्या नातीच्या, पिंकीच्या, हातावर नोट ठेवलीत, कारण लेकीच्या घरचं फुकट काही प्यायचं नाही. मग गाडीतून पोती उतरवली. दोनाच्या जागी तीन होती. मी म्हटलं, आबा, एक जास्त झालं. तुम्ही म्हणालात, "औंदा पीक चांगलं व्हतं."

त्या वर्षी पीक चांगलं नव्हतं. खानदेशात त्या वर्षी कोणाचंच नव्हतं.

तुम्हाला कसं कळलं हे मी कधी विचारलं नाही. कारखाना पुन्हा सुरू झाला, मग मला दुसऱ्या कारखान्यात बरी नोकरी लागली, पण ते तिसरं पोतं कमी झालं नाही. ते दरवर्षी येत राहिलं. मीही नको म्हटलं नाही, कारण नको म्हणायचं तर ते का सुरू झालं हे दोघांनाही बोलावं लागलं असतं. गॅरेजात फरशीवर बसून मी ज्या स्प्रिंगचा मोडका तुकडा हातात घेतला होता, ती बहुतेक त्या तिसऱ्या पोत्याने मोडली होती. दोन पोत्यांवर ती निभावली असती, असं माझं गणित सांगतं. मला तेव्हा तिथे तुमचे पाय धरावेसे वाटले. पण संजयभाऊ होते, मिस्त्री होते, आणि जावयाने सासऱ्याचे पाय असे गॅरेजात धरले तर विचारतात काय झालं म्हणून. मी तुकडा खाली ठेवला आणि हात पुसले.

आबा, त्या सात महिन्यांत आमच्या घरात एकही दिवस पोळी कमी पडली नाही. एवढंच सांगायचं होतं.

काम तीन दिवस चाललं. दोन्ही बाजूंची बुशं नवी, कारण एकच बदललं तर गाडी पुन्हा तिरकी होते. कान तापवून जागेवर ओढून त्याला पट्टी जोडली. स्प्रिंगा आणि शॉकअप जोडीने बदलले. मग अलाइनमेंट. शेवटी सिमेंटवर पुन्हा ओली चाकं चालवून पाहिली. चार चाकांचे दोनच पट्टे उमटले. बिल चौदा हजार आठशे पन्नास झालं. मी पाकीट काढलं.

"ठेवा ते," तुम्ही म्हणालात.

"आबा, वजन आमच्या गव्हाचं होतं. निदान अर्धे द्या मला भरू."

"लेकना घरना पैसा लिसू मी? पानी पेवाले इचार करस."

यावर आपलं भांडण झालं. नीट आठवतं, कारण ते संपलंच नाही. मी म्हटलं, घेणं तेवढं आमच्याकडे, देणं तेवढं तुमच्याकडे, हा कुठला हिशेब? तुम्ही म्हणालात, हिशेब नाहीच तो. मी म्हटलं, मग काय आहे? तुम्ही म्हणालात, रीत. मी म्हटलं, रीत माणसानेच केली. तुम्ही म्हणालात, हो, शहाण्या माणसाने केली. मिस्त्री मध्ये उभे होते, कोणाकडून घ्यावं कळेना. शेवटी तुम्ही नोटा त्यांच्या खिशात कोंबल्या.

एक अट मात्र मी तुमच्याकडून घेतली, संजयभाऊंच्या देखत. एका वेळी गाडीत सव्वाशे किलोच्या वर माल भरायचा नाही आणि तो मधोमध ठेवायचा. तुम्ही मान्य केलंत. इतक्या पटकन केलंत की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

आखाजीच्या चार दिवस आधी तुम्ही पिंप्राळ्याला आलात. हॉर्न वाजला. संगीता चपला न घालता फाटकापर्यंत गेली. तुम्ही खाली उतरून गाडीच्या मागे जाऊन उभे राहिलात आणि मला बोलावलंत. "बघा. सरळ उभी शे का नही?" होती. मी बघितलं, आणि तुम्ही हवेत तीन बोटं धरून दाखवलीत.

आखाजीनंतर तुम्ही तिला सोडायला आलात. माल सव्वाशे किलोच, मधोमध, मी वजनाचा अंदाज घेतला, बरोबर होता. मला आनंद झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा हॉर्न वाजला.

"आबा! काल तर गेलात."

"वजन सांगं व्हतं तुम्ही. फेऱ्या नही सांग्यात."

गाडीत राहिलेली पोती होती. मी तिथेच हिशेब केला: फक्त या फेरीला पेट्रोल अकराशेचं, तेवढ्यात जळगावच्या बाजारात चाळीस किलो गहू येतो. तुम्ही डोक्यावरची टोपी काढून झटकलीत. "बाजारना गहू? मनी पोरले?" संगीता दारात उभी राहून इतकी हसली की शेजारच्या काकू बाहेर आल्या. मी उचलायला गेलो तर तुम्ही म्हणालात, जावयाने नाही उचलायचं, आणि मग उचलायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून आपण दोघांनी दोन टोकं धरली.

आपला शेवटचा वादही त्या गाडीचाच. संक्रांतीला मी आलो होतो तेव्हा तुम्ही म्हणालात की ती स्प्रिंग वजनाने मोडलीच नव्हती, नरडाण्याच्या अलीकडच्या खड्ड्याने मोडली. मी म्हटलं, खड्डा दोन्ही बाजूंना सारखा असतो. तुम्ही म्हणालात, नाही, तो डावीकडेच होता. मी म्हटलं, मला दाखवा. तुम्ही म्हणालात, आता बुजवला. मला अजूनही वाटतं की मी बरोबर आहे. आणि तुम्ही तो खड्डा का काढलात हेही आता कळतं. मी पोत्यांकडे बोट दाखवत होतो. तुम्हाला ते पोत्यांवरून हलवायचं होतं.

माघात, दुपारी जेवून पडलात ते उठला नाहीत. संगीताला आणायला त्या दिवशी कोणी आलं नाही, ती माझ्याबरोबर बसने गेली. एरंडोलला बस थांबली तेव्हा एकदाच म्हणाली, "अशी कधी नाही गेले मी."

परवा गंधमुक्तीनंतर मी एकटाच जळगावला परतणार होतो आणि ती दोन दिवस आईजवळ राहून बसने यायची होती. संजयभाऊंनी ऐकलं आणि म्हणाले, "बसने कशी? मी सोडतो. दाजी, तुम्ही पण थांबा." मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "आधी गाडी धुळ्याला दाखवून घेऊ. पंधरा दिवस उभी आहे. मला मागून आवाज आला तर कळायचा नाही, आबांना कळायचा."

आज सकाळी मिस्त्रींनी गाडी वर घेऊन पाहिली. टॉमी घालून पाहिली. बुश जागेवर, कान जागेवर, शॉकअप कोरडे. त्यांनी त्याचे पैसे घेतले नाहीत. शेजारच्या दुकानात अलाइनमेंट तपासलं, तिथल्या पोराने कागद दिला आणि म्हणाला, "काही करायचं नाही, सरळ आहे." तपासणीचे चारशे पन्नास. माझा हात खिशात गेला. संजयभाऊंनी माझं मनगट धरलं.

"आबा नाहीत म्हणून रीत बदलली का, दाजी?"

मी म्हटलं, संजयभाऊ, निदान एवढे तरी. त्यांनी मान हलवली. बापासारखीच हलवतात, मी आधी कधी नीट पाहिलं नव्हतं. मग रस्त्यात पेट्रोल भरताना त्यांनी मला गाडीतून उतरूच दिलं नाही. संगीता मागे बसली होती, उजवीकडे. पारोळा सोडल्यावर तिने त्यांना विचारलं, "भाऊ, आखाजीला कोण येईल?" ते समोर बघूनच म्हणाले, "मी. दुसरं कोण?"

पिंप्राळ्याला पोहोचलो. त्यांनी चहा घेतला, पिंकीच्या हातावर नोट ठेवली, आणि निघताना संगीताच्या हातावर चोळीबांगडीचे पाचशे एक.

म्हणजे आज दिलेले असे: अलाइनमेंटवाल्याला चारशे पन्नास, पंपावर बाराशे, पिंकीला शंभर, संगीताला पाचशे एक. सगळे संजयभाऊंनी. माझ्याकडून आजही कोणी काही घेतलं नाही.